ओट्यावरचा दिवा आणि भिंतीतली हिरवी वायर

स्वयंपाकघरात दिवा कुठे लागणार हे घर बांधताना बहुतेक वेळा असा माणूस ठरवतो, ज्याला त्या दिव्याखाली कधी मेथी निवडायची नसते. दाराच्या वर नाहीतर खोलीच्या मधोमध एक ट्यूब, एक पंखा, मिक्सरसाठी ओट्याजवळ एक प्लग, की झालं स्वयंपाकघराचं फिटिंग! मग आपण ओट्याशी उभ्या राहतो तेव्हा उजेड येतो पाठीमागून आणि आपलीच सावली पडते भाजीवर, तव्यावर, तांदळाच्या ताटात. खडा दिसला नाही की आपण म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं. डोळे जरूर तपासून घ्या, पण त्याआधी दिवा कुठे आहे तेही एकदा बघा.

अलीकडे रंगकाम काढलं की बऱ्याच जणी ओट्यावरच्या भिंतीला एक-दोन दिवे लावून घेतात. २०१५ साली उजाला योजना सुरू झाली, तेव्हापासून एलईडी दिवे तालुक्याच्या गावातही सहज मिळू लागले. बाजारात हौसेचे प्रकारही पुष्कळ आहेत. दिवा आणणं सोपं आहे. तो भिंतीवर सुरक्षित बसणं ही वेगळी गोष्ट.

आधीच सांगते, मी तुम्हाला पक्कड आणि टेस्टर हातात घ्यायला सांगत नाहीये. वायरमनचं काम वायरमननेच करावं. पण त्यानं काय केलं पाहिजे आणि ‘चालतं हो ताई’ म्हणून काय सोडून दिलं जातं, हे आपल्याला कळायलाच हवं. कारण तो दोन तासांत काम आटोपून जातो. ओल्या हातांनी त्या भिंतीजवळ रोज उभ्या असतो त्या आपण.

आधी जागा, मग दिवा

वायरमन यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ओट्याशी नेहमीसारख्या उभ्या राहा. भाजी कुठे चिरता, पोळ्या कुठे लाटता, कुकर कुठे असतो ते बघा. घरातल्या कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा आणि सावली कुठे पडत नाही ते पाहून भिंतीवर खडूनं खूण करा. उजेड आपल्या समोरून किंवा बाजूनं यावा आणि थेट डोळ्यांत जाऊ नये. ओट्यावर कपाट किंवा फळी असेल तर तिच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला लावलेली दोन फुटी एलईडी पट्टी सर्वांत सोयीची. ती साधारण १० वॅटची असते आणि ओट्यावर भरपूर उजेड देते.

गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर दिवा नको. फोडणीची वाफ आणि तेल त्यात बसतं, उष्णतेनं दिव्याचं आयुष्यही कमी होतं. सिंकच्या डोक्यावरही नको. बटण तर सिंकपासून इतकं दूर हवं, की भांडी घासताना ओला हात सहज तिथे जाणार नाही. सिलिंडरच्या जवळ, खाली जमिनीलगत नवं बटण किंवा प्लग अजिबात घेऊ नका. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खालीच साचतो आणि बटणाची बारीकशी ठिणगी त्याला पुरते.

दुकानात दिवा घेताना खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे शोधा. आयपी २० म्हणजे दिवा कोरड्या जागेसाठी आहे, पाण्यापासून त्याला संरक्षण नाही. आयपी ४४ वर कुठल्याही बाजूनं पाणी उडालं तरी चालतं. सिंकच्या आसपासच्या भिंतीला ४४ किंवा त्याहून वरचाच घ्या. उजेडाचा रंगही खोक्यावर असतो. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र. ४००० च्या आसपासचा मला ओट्यासाठी बरा वाटतो. त्यात भाजीचा रंग भाजीसारखा दिसतो आणि डोळे दिपत नाहीत.

बल्ब बदलणं वेगळं, पॉइंट काढणं वेगळं

गेलेला बल्ब बदलणं, जुना दिवा काढून तिथेच तसाच दुसरा लावणं, खराब बटण बदलणं ही झाली बदलाबदली. पण भिंतीत खाच पाडून नवी वायर ओढणं, नवा पॉइंट काढणं, हे नव्या फिटिंगचं काम. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे जे नियम आहेत (आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत), त्यांत हा फरक केलेला आहे. बदलाबदलीला सूट आहे. नवं काम मात्र परवानाधारक ठेकेदाराकडून, परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवं. नवं कनेक्शन घेताना महावितरण टेस्ट रिपोर्ट मागते ना, तो असाच परवानाधारक ठेकेदार देतो.

गावात मात्र काय होतं? मोटर दुरुस्त करणारा, मंडप घालणारा, खांबावर चढणारा, जो कुणी ‘लाइटचं काम’ करतो त्याला आपण हाक मारतो. त्यातले काही जण खरोखर हुशार असतात. पण विचारायला काय हरकत आहे? “भाऊ, तुमच्याकडे वायरमनचा परवाना आहे ना?” आयटीआयमध्ये यासाठी तारतंत्री आणि वीजतंत्री असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट तो जरा सरसावून बसतो, असा माझा अनुभव आहे.

‘नुसता दिवाच तर आहे, अर्थिंग कशाला?’

आता येते मुख्य गोष्ट. दिव्याला तीन वायरी लागतात. करंट आणणारी फेज, परत नेणारी न्यूट्रल आणि तिसरी हिरवी, अर्थिंगची. दिवा पेटायला पहिल्या दोन पुरतात, म्हणून तिसरीला सगळे विसरतात. ती हिरवी वायर रोज काहीच काम करत नाही. दिव्याच्या आत एखादी वायर सोलवटली आणि धातूच्या बॉडीला चिकटली, तर त्या दिवशी करंट आपल्या अंगातून न जाता हिरव्या वायरीतून जमिनीत जावा, एवढ्यासाठी ती असते. स्टीलचा, पितळेचा, ॲल्युमिनियमचा, कुठल्याही धातूचा दिवा असेल तर अर्थिंग हवंच हवं. चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दुहेरी आवरणाचा दिवा असेल तरच त्याला अर्थिंगची गरज नसते. तरीही वायर ओढताना हिरवी सोबत ओढूनच घ्यावी. उद्या दिवा बदलला तर पुन्हा भिंत फोडायला नको.

आमच्याकडे दिवे लावायला आलेले वायरमन वयानं मोठे होते. मी म्हटलं, “काका, अर्थिंग पण घ्यायचंय.” त्यांनी बोर्ड उघडला, हिरव्या वायरीचं टोक धरून मागोवा घेत गेले आणि मागच्या मोरीजवळ थांबले. सासऱ्यांच्या वेळी कुणीतरी ती वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधून दिली होती. पुढे पाइप गंजले आणि नळकाम करणाऱ्यानं नवे प्लॅस्टिकचे पाइप टाकले. हिरवी वायर तशीच राहिली, हातभर लोखंडी तुकड्याला बांधलेली, आणि तो तुकडा पुढे प्लॅस्टिकला जोडलेला. काका म्हणाले, “ताई, हे अर्थिंग नाही, ही नुसती आठवण आहे.” म्हणजे फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळ्याची तिसरी पिन इतकी वर्षं कुठेच जात नव्हती!

हे फक्त आमच्या घरात घडलेलं नाही. नळाला अर्थिंग बांधायची पद्धत खूप ठिकाणी होती. पाइप लोखंडी असला तरी ती धोक्याचीच, कारण बिघाड एका यंत्रात आणि झटका न्हाणीघरातल्या नळाला, असं होऊ शकतं. आणि पाइप प्लॅस्टिकचा झाला की अर्थिंग उरतच नाही.

आता एक सांगा. तुमच्या घरी फ्रिजसमोर पायपुसणं टाकलेलं आहे का? ‘चप्पल घातल्याशिवाय फ्रिजला हात लावायचा नाही’ असं मुलांना बजावलेलं आहे का? कितीतरी घरांत आहे. फ्रिजला, मिक्सरला, पाण्याच्या मोटरला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि आपण त्यावर उपाय काय शोधतो, तर रबरी चप्पल! पावसाळ्यात जरा जास्त येतात म्हणून दोन महिने जपून राहायचं. मैत्रिणींनो, झिणझिण्या हा फ्रिजचा स्वभाव नसतो. घराचं अर्थिंग नीट नाही किंवा कुठेतरी करंट गळतोय, याची ती सूचना असते. चप्पल घालून ती परतवून लावता येत नाही. ज्या दिवशी चप्पल ओली असेल, किंवा फ्रिजला धरणारं मूल अनवाणी असेल, त्या दिवशी काय?

म्हणून दिव्यांच्या निमित्तानं वायरमन घरात येतोच आहे, तर त्याच्याकडून आधी अर्थिंग तपासून घ्या. नुसता टेस्टर लावून ‘पेटत नाही, म्हणजे बरोबर आहे’ असं म्हणून चालत नाही. कुठेच न जोडलेल्या वायरीलाही टेस्टर पेटत नाही. त्यासाठीची चाचणी वेगळी असते, ती त्याला ठाऊक असते. नसेल अर्थिंग, तर अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळशाचं किंवा तयार रसायनाचं अर्थिंग करून घ्या. आधीपासून असेल तर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा. माती कोरडी ठणठणीत झाली की तिच्यातून करंट नीट जात नाही. तुळशीला घालतो तसंच, तिथेही एक तांब्या!

एमसीबी आहे ना, मग आणखी काय?

हा प्रश्न घरातल्या पुरुषमंडळींकडून हमखास येतो. एमसीबी असणं चांगलंच. जुन्या चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार जाडी घालून वेळ मारून नेण्यापेक्षा तर फारच चांगलं. पण एमसीबी सांभाळतो वायरीला. जास्त लोड आला, शॉर्टसर्किट झालं, तर वायर जळू नये म्हणून तो पडतो. माणसाला शॉक बसला तर तो बहुतेक वेळा पडतच नाही.

साधा हिशेब बघा. आपला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलीअँपिअर करंट घेतो. तेवढाच करंट छातीतून गेला तर माणूस दगावू शकतो. आणि दिव्यांच्या लाइनचा एमसीबी असतो ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलीअँपिअरचा! त्याच्या दृष्टीनं शॉक लागलेली बाई म्हणजे आणखी एक छोटा बल्ब. तो कशाला पडेल?

त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं यंत्र मिळतं. दुकानदार त्याला बऱ्याचदा ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम दूधवाल्याच्या हिशेबासारखं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ते सतत मोजतं. हिशेबात तूट आली, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून नाहीतर ओल्या भिंतीतून जमिनीत जातोय, की ते सेकंदाच्या काही अंशात लाइन बंद करतं. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचंच घ्या. १०० आणि ३०० चंही मिळतं, पण त्यानं माणूस वाचेल याची खात्री नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की कुणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर आरसीसीबीलाही कळत नाही, कारण हिशेब बरोबर जुळतो. म्हणून ते आहे या भरवशावर धाडस करायचं नाही.

याची एक तक्रार नेहमी ऐकू येते, “ते सारखं पडतं हो, म्हणून काढूनच टाकलं.” सारखं पडतं याचा अर्थ घरात कुठेतरी खरंच गळती आहे, किंवा जोडणी करताना एका लाइनचं न्यूट्रल दुसरीत मिसळलंय. इन्व्हर्टर असलेल्या घरात हे फार होतं. वायरमनकडून ते शोधून घ्यावं लागतं, त्याला थोडा वेळ लागतो. पण राखणीला ठेवलेलं कुत्रं भुंकतं म्हणून त्याला हाकलून देतो का आपण? त्या यंत्रावर एक छोटं ‘टेस्ट’ बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. लाइन खटकन बंद झाली पाहिजे. सिलिंडर लावायची तारीख लिहितो ना, त्याच कॅलेंडरवर याचीही खूण करा.

काम चालू असताना

मेन स्विच बंद केला म्हणजे घरातली वीज बंद झाली, हे आता खरं राहिलेलं नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद होताच तो बॅटरीवरून दिव्यांच्या लाइनला करंट द्यायला लागतो. आणि नुसता इन्व्हर्टर बंद केला तर बाहेरची वीज त्यातूनच पुढे जात राहते. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद. मग वायरमन टेस्टर लावून खात्री करेल, तेव्हाच काम सुरू. मेनजवळ कुणीतरी बसावं किंवा तिथे कागद लावावा, नाहीतर ‘टीव्ही का बंद?’ म्हणत कुणीतरी खटका वर करतं.

वायर आयएसआय मार्कची, तांब्याची घ्या. दुकानात ‘दीडची वायर’ म्हणतात, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची. दिव्यांसाठी ती पुरते. मिक्सरच्या प्लगला अडीचची आणि गीझर-ओव्हनसारख्या मोठ्या प्लगला चारची लागते. नव्या दिव्याच्या वायरवरूनच पुढे ओव्हनचा प्लग काढून देऊ नका म्हणावं. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असते. तिला तांब्याची वायर नुसती पिळून टेप गुंडाळली, तर तो जोड काही काळानं सैल होतो, तापतो. जोड असलाच तर तो कनेक्टर लावून डबीत असावा, प्लास्टरखाली पुरलेला नसावा.

रंगांचा एक घोटाळा आवर्जून सांगते. आपल्या घरच्या फिटिंगमध्ये साधारणपणे लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थ. तीन फेजचं कनेक्शन असेल तर पिवळी आणि निळी याही फेजच असतात. पण विकतच्या दिव्यातून बाहेर येणाऱ्या वायरींत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी पट्ट्यांची म्हणजे अर्थ. तेव्हा ‘निळीला निळी’ जोडून चालत नाही.

खाच नेहमी सरळ उभी किंवा सरळ आडवी पाडून घ्या, तिरकी नाही. काम बुजवण्याआधी मोबाइलवर त्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. पुढे भांड्यांची स्टीलची मांडणी ठोकायची वेळ येते. तिचा खिळा भिंतीतल्या वायरीत गेला, तर सगळी मांडणी आणि तिच्यावरची ताटं-वाट्या करंटमध्ये येतात. बटणाच्या बरोबर वर किंवा खाली खिळा ठोकायचाच नाही, हा साधा नियम.

पैसे देण्याआधी

चहा झाला, काम झालं, आता हिशेब. त्याआधी वायरमनदादांना चार गोष्टी समोर करून दाखवायला सांगा.

एक, बटण फेजवरच आहे ना? बटण न्यूट्रलवर जोडलं तरी दिवा लागतो आणि बंद होतो, पण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. ‘बंद करूनच तर बल्ब काढत होते’ म्हणणाऱ्या बाईला शॉक बसतो तो असा. बंद केलेला एलईडी रात्री मंद मिणमिणत असेल तर त्याचं हे एक कारण असू शकतं.

दोन, दिव्याच्या धातूपासून अर्थिंगपर्यंत वायर खरंच जोडलेली आहे का?

तीन, ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो का?

चार, मेगर लावून वायरीची तपासणी. तो आकडा किमान १ मेगाओहम तरी यायलाच हवा. तालुक्याच्या गावातल्या प्रत्येक वायरमनकडे मेगर असेलच असं नाही, पण ठेकेदाराकडे असतो. भिंतीला ओल येत असेल तर ही तपासणी सोडू नका.

आणि दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांना, अगदी कामाला येणाऱ्या मावशींनाही, सांगून ठेवा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. आधी सिलिंडर बंद, मग दारं-खिडक्या उघडायच्या. दुसरं, कुणाला करंट लागून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करायचं. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीनं त्याला बाजूला ढकलायचं आणि १०८ ला फोन करायचा. घाबरून माणसाला धरायला धावणं हे मायेचं असतं, पण त्यात एकाचे दोन होतात.

शेवटी एक छोटं काम आपलं आपण करायचं. कुठला खटका कशाचा, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा. ‘ओट्याचे दिवे’, ‘फ्रिज’, ‘मोटर’, ‘इन्व्हर्टर बंद करायचं बटण इथे’. तो कागद बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे सगळं आजवर फक्त ‘ह्यांनाच’ माहीत असायचं, आणि नेमके अडचणीच्या वेळी हे ड्यूटीवर असायचे!